चुन्याचा पांढरा की गडद निळा? रंग निवडतो मे महिन्यात, मुलं बसतात जूनमध्ये



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडे दोन ठिकाणी रंगारी येतो. एक घरी आणि एक शाळेत. घरी मुलाच्या अभ्यासाच्या खोलीसाठी शेडकार्ड उघडलं जातं, शाळेत व्यवस्थापन समितीच्या बैठकीत "यंदा वर्ग जरा उठावदार करूया" असा विषय निघतो. हल्ली दोन्हीकडे एकच रस्सीखेच दिसते. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "पांढराच बरा, उजेड पडतो." तरुण मंडळींना मोबाईलवर बघितलेली गडद निळी हायलाइट भिंत हवी असते.

आजच्या लेखात या दोन रंगांची तुलना करू. कुठला सुंदर हे ज्याने त्याने ठरवावं. आपण शिक्षक म्हणून बघायचं ते एवढंच की खिडकीपासून सगळ्यांत लांब बसलेल्या मुलाला वहीतलं अक्षर कुठल्या रंगाच्या खोलीत नीट दिसेल. लेखाच्या शेवटी मुलांकडून करून घेता येईल अशी एक कृतीही दिली आहे.

भिंत उजेड परत देते

भिंतीकडे स्वतःचा उजेड नसतो. खिडकीतून किंवा ट्यूबमधून आलेला उजेड ती थोडा गिळते आणि उरलेला परत देते. किती परत देते, ते रंगावर ठरतं. ताजा पांढरा रंग पडलेल्या उजेडातला साधारण 80 टक्के किंवा त्याहून जास्त भाग परत देतो. गडद निळा जेमतेम 10 टक्क्यांच्या आसपास देतो. रंगाच्या बऱ्याच कंपन्या आता शेडसोबत हा आकडा देतात, त्याला एल.आर.व्ही. म्हणतात. 0 म्हणजे सगळा उजेड गिळणारा, 100 म्हणजे सगळा परत देणारा. दुकानात शेड विचारताना हा आकडाही विचारा.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट नवी नाही. बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' 1920 साली आला, त्या काळात चित्रपटाचं काम मुख्यतः सूर्यप्रकाशावर चालायचं. आजही इथं कुठं शूटिंग चाललेलं असलं की एक माणूस पांढरी किंवा चंदेरी फळी धरून उभा दिसतो. तो नटाच्या चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूवर ऊन परतवत असतो. वर्गातली पांढरी भिंत हेच काम करते, आणि तिला कोणी धरून उभं राहावं लागत नाही.

शेकडेवारीचा एक छोटा पाठ

"80 आणि 10 म्हणजे आठपट फरक" असं म्हणून इथं थांबू नका, कारण उजेड एकदा आपटून थांबत नाही. एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून छतावर, परत तिसऱ्या भिंतीवर असा तो फिरत राहतो. शेकडेवारी शिकलेल्या मुलांना हे गणित फळ्यावर घालून बघा.

समजा, एका खोलीचा आतला सगळा पृष्ठभाग 80 टक्के उजेड परत देणारा आहे. उजेडाचे 100 भाग आत आले. पहिल्या आपटण्यानंतर 80 उरले, दुसऱ्यानंतर 64, मग 51.2, मग सुमारे 41. ही बेरीज पुढं करत गेलो तर ती 500 च्या जवळ जाते. म्हणजे आत आले 100 भाग, पण फिरून फिरून त्यांनी 500 भागांचं काम केलं.

आता सगळा पृष्ठभाग 10 टक्के परत देणारा घ्या. 100, मग 10, मग 1, मग 0.1. बेरीज होते साधारण 111. दुसऱ्या-तिसऱ्या आपटण्यातच उजेड संपला.

ही अर्थातच गणितातली आदर्श खोली आहे. खऱ्या खोलीत फरशी, बाकं, कपाट, दप्तरं आणि उघडी खिडकीसुद्धा उजेड खातात, त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही. पण दिशा तीच राहते. खिडकीजवळच्या बाकाला थेट आकाशाचा उजेड मिळतो, त्याला भिंतीच्या रंगाने फारसा फरक पडत नाही. कोपऱ्यातल्या बाकावरून आकाश दिसतच नाही. त्या मुलाच्या वहीवर पडतो तो बहुतेक सगळा भिंतींनी आणि छतानं परतवलेला उजेड. म्हणून रंग चुकला तर त्याचा त्रास पहिल्यांदा त्या कोपऱ्यातल्या मुलाला होतो.

मे महिन्याचा उजेड आणि जूनचा उजेड

आपण रंग निवडतो एप्रिल-मेमध्ये. बाहेर रणरणतं ऊन असतं. भर उन्हात मोकळ्यावर 1 लाख लक्सपर्यंत उजेड असतो (लक्स हे उजेड मोजायचं एकक). खोली रिकामी असते, खिडक्यांचे पडदे काढलेले असतात, दारं सताड उघडी असतात. अशा वेळी गडद निळ्या भिंतीला हात लावला की गार वाटतं, डोळ्यांना बरं वाटतं. सगळे म्हणतात, "छान दिसतंय."

मग जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते आणि त्याच सुमाराला आपला पाऊसही. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. दाट ढगांत बाहेरचा उजेड काही हजार लक्सवर येतो. समजा बाहेर 10,000 लक्स आहेत आणि त्यातला 1 टक्का लांबच्या बाकापर्यंत पोचला, तर तिथं 100 लक्स झाले. युरोपातल्या प्रकाशयोजनेच्या 2011 च्या मानकात वर्गासाठी 300 लक्स सांगितले होते. वीज असेल तर ट्यूब लावून भागतं. पण पावसाळ्यात वीज कधी जाते हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपले डोळे कमी उजेडाला पटकन सरावतात, म्हणून दारात उभ्या शिक्षकाला खोली अंधारी वाटत नाही. वाकून वहीला नाक लावणाऱ्या मुलाला मात्र ती अंधारी असते. एखादं मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेतं, आणि आपण त्याला "लक्ष नाही" म्हणतो. चष्म्याचा नंबर तपासायला सांगण्याबरोबर एकदा त्या बाकावर स्वतः बसून बघावं. पाऊस पडत असताना, दिवे बंद करून.

मंगळवार पेठेतलं घर

घराचीही हीच गोष्ट. मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत घराचं तोंड अरुंद आणि खोली लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला लागून, त्यामुळे तिकडं खिडकी नाही. रस्त्याकडच्या सोप्याला उजेड, मागं परसात उजेड, आणि मधलं माजघर दिवसाही काळोखं. मूळ घर कौलारू असेल तर छपरात एखादं काचेचं कौल बसवलेलं असायचं आणि भिंतींना चुना. काचेचं कौल उजेड आत घ्यायचं, चुना तो घरभर वाटायचा. दोघांची जोडी होती. आता वर मजला चढला, काचेचं कौल गेलं, आणि त्याच माजघराची अभ्यासाची खोली झाली.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण सगळे बघतो. जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात, अशा मोजक्याच संध्याकाळी मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात पोचतात. आत खोलवर थेट ऊन पोचणं इतकं दुर्मीळ, म्हणून तर त्याचा उत्सव होतो. आपल्या माजघरात तर तीही सोय नाही. तिथं पोचतो तो सगळा आपटत आपटत आलेला उजेड. अशा खोलीला चारी बाजूंनी गडद निळा दिला, तर तो वाटेतच संपतो.

चुन्याचा पांढरा: गुण आणि दोष

चुना म्हणजे रसायनशास्त्राचा एक पूर्ण धडा आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घातलं की तो खदखदतो, तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडीच होतो. म्हणजे आपण भिंतीवर पातळसा दगडच चढवतो.

चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. तो भिंतीतली वाफ बाहेर सोडतो, म्हणून जुन्या मातीच्या किंवा दगडी भिंतींना मानवतो. लोणा फुटला तरी पांढऱ्यावर पांढरा असल्यानं नजरेत भरत नाही. आणि खर्च कमी.

दोषही आहेत. हात लावला की पांढरा होतो, टेकून बसणाऱ्या मुलांच्या पाठीला लागतो. डाग पुसता येत नाहीत, दर दोन-तीन वर्षांनी नवा हात मारावा लागतो. आणि एक सूचना: चुना विरवताना मुलांना जवळ येऊ देऊ नका. एक शिंतोडा डोळ्यात गेला तरी इजा होते. हा प्रयोग वर्गात करून दाखवायचा नाही.

जुनी माणसं चुन्यात चिमूटभर नीळ का टाकायची, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. पांढरा रंग जुना होत जातो तसा पिवळट दिसू लागतो. थोडी निळाई त्या पिवळेपणाला मारते आणि पांढरा अधिक पांढरा दिसतो. म्हणजे ज्या दोन रंगांची आपण तुलना करतोय, ते आपल्या आजोबांच्या बादलीत आधीच एकत्र होते. प्रमाण तेवढं वेगळं होतं.

चुना नको असेल, तर साधा पांढरा किंवा फिकट मलईसारखा डिस्टेंपर वा इमल्शन उजेडाचं तेच काम करतो. मात्र ओल असलेल्या भिंतीची ओल आधी काढा, नाहीतर पोपडे सुटणारच.

गडद निळा: गुण आणि दोष

गडद निळ्याला उगाच नावं ठेवायची नाहीत. हाताचे, तेलाचे डाग त्यावर लपतात. त्यावर लावलेला पांढरा तक्ता किंवा मुलांची चित्रं उठून दिसतात. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत तो चकाकी कमी करतो.

दोष असे. खडूची धूळ, ओरखडे आणि लोणा त्यावर लगेच दिसतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग मुळातच कमी असतो, त्यामुळे संध्याकाळी तीच भिंत काळपट दिसू लागते. पुढं मन बदललं आणि त्यावर पांढरा द्यायचा म्हटलं, तर प्रायमर आणि जास्तीचे हात लागतात, खर्च वाढतो.

आणखी एक फसगत शेडकार्डावर होते. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 साली रंगांच्या विरोधावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला मुद्दा असा की शेजारचा रंग बदलला की तोच रंग वेगळा दिसतो. शेडकार्डावरचा निळा चौकोन लहान असतो आणि त्याच्याभोवती पांढरा कागद असतो, म्हणून तो प्रसन्न दिसतो. तोच निळा चारही भिंतींवर आला की भोवतीचा पांढरा नाहीसा होतो. म्हणून शेड ठरवायच्या आधी भिंतीवर निदान दोन फूट बाय दोन फूट नमुना मारून घ्या, आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात असा तीन वेळा बघा.

रंगापेक्षा जपायची गोष्ट: शिसं

मूल लहान असेल तर हा भाग नीट वाचा. जुन्या तेलरंगांत, विशेषतः भडक पिवळ्या, तांबड्या आणि हिरव्या रंगांत, शिशाची संयुगं वापरली जायची. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. डब्यावर तसा उल्लेख असतो, तो वाचून घ्या. माळ्यावर पडून असलेला जुना डबा "वाया कशाला घालवायचा" म्हणून मुलांच्या खोलीत वापरू नका.

खिडकीचे गज, दारं, वर्गातला खालचा पट्टा यांवर जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नका. धूळ उडते आणि ती मुलांच्या हातातून तोंडात जाते. ओलं करून घासावं, खाली प्लास्टिक अंथरावं, नाक-तोंड बांधावं, आणि काम संपून फरशी ओल्या फडक्यानं पुसून होईपर्यंत मुलांना तिथं येऊ देऊ नये.

मग कुठं काय द्यायचं?

दोन्ही रंग एकाच खोलीत नांदू शकतात, जागा वाटून दिल्या की झालं. त्यासाठी आधी क्षेत्रफळ काढू. खोली 10 बाय 12 फूट, उंची 10 फूट. चार भिंतींचं क्षेत्रफळ 440 चौरस फूट. दार 21 आणि खिडकी 16 वजा केली की उरले 403. यातली 10 बाय 10 ची एक कोरी भिंत गडद निळी (10 टक्के) आणि बाकी 303 चौरस फूट पांढरी (80 टक्के) केली, तर भिंतींची सरासरी साधारण 63 टक्के येते. युरोपीय मानकात भिंतींसाठी 50 ते 80 टक्के आणि छतासाठी 70 ते 90 टक्के सांगितलं आहे. म्हणजे एक भिंत चालते. दोन भिंती केल्या तर सरासरी 50 च्या खाली येते.

यावरून काही साधे नियम सांगता येतील:

1. छत नेहमी पांढरं. तिथं तडजोड नको.
2. खिडकीसमोरची भिंत फिकट. उजेड आत ढकलायचं मुख्य काम तिचं.
3. खिडकी असलेली भिंतही फिकट. ती गडद असेल तर मधलं आकाश डोळ्यांत घुसतं.
4. गडद निळा द्यायचाच तर खिडक्या बाजूला असलेल्या वर्गात मुलांच्या पाठीमागच्या भिंतीला द्या. तिथं चित्रंही लावता येतात.
5. खालचा तीन-चार फुटांचा पट्टा मध्यम रंगाचा आणि धुता येणारा. हात, पाय, दप्तर सगळं तिथंच घासतं.
6. फळ्याच्या आजूबाजूला चकचकीत तेलरंग नको. खिडकीचं प्रतिबिंब पडून कडेच्या मुलांना त्रास होतो.
7. माजघरासारख्या एका उजेडाच्या खोलीत गडद रंग फक्त दाराच्या चौकटीला किंवा पुस्तकाच्या कप्प्याला. हौस तिथं भागवा.

वर्गात घ्यायची कृती: दोन खोक्यांची खोली

साहित्य: बुटांची सारख्या मापाची दोन खोकी, पांढरा आणि गडद निळा कागद, कात्री, डिंक, पाठ्यपुस्तकाच्या बारीक अक्षरांच्या दोन चिठ्ठ्या.

कृती: एका खोक्याला आतून सगळीकडं पांढरा कागद चिकटवा, झाकणालाही. दुसऱ्याला तसाच निळा. दोन्हींच्या एका टोकाला सारख्याच मापाची खिडकी कापा. दुसऱ्या टोकाजवळ, तळाशी चिठ्ठी चिकटवा. बाजूला डोळा लावण्यापुरतं छोटं भोक पाडा. दोन्ही खोकी उजेडाकडे खिडकी करून शेजारी ठेवा आणि मुलांना एकेक करून वाचायला लावा.

मग निळ्या खोक्यातली एक बाजू पांढरी करून परत वाचायला सांगा. मग दोन. किती बाजू पांढऱ्या झाल्यावर अक्षर वाचता येऊ लागलं, ते प्रत्येकानं वहीत नोंदवावं. मोबाईलवर लक्स मोजायचं अ‍ॅप असेल तर भोकातून आकडाही घेता येईल. तो अचूक नसला तरी दोन खोक्यांतला फरक कळायला पुरतो.

चर्चेसाठी प्रश्न:
- ढगाळ दिवशी आणि उन्हाच्या दिवशी उत्तर बदललं का?
- चिठ्ठी खिडकीजवळ सरकवली तर दोन्ही खोक्यांत किती फरक उरला?
- आपल्या वर्गात या चिठ्ठीच्या जागी कोण बसतं?

शेवटचा प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा. मुलं आपोआप मागं वळून कोपऱ्यातल्या बाकाकडं बघतात. मग त्याच मुलांना रंग निवडायला बसवा. घरी पालकांनीही शेडकार्ड आधी मुलाच्या हातात द्यावं, पण खोलीतल्या सगळ्यांत अंधाऱ्या जागी बसवून. आणि शाळेचा रंग यंदा ठरायचा असेल, तर समितीची बैठक त्या कोपऱ्यातल्या बाकांवर, दिवे बंद ठेवून घ्यावी असं मी सुचवेन.